जुन्या भट्टीचं झाकण

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना मी टिचकीराव म्हणतो. तोंडावर म्हणतो, पाठीमागे म्हणतो, आणि हल्ली त्यांची बायकोही चिडली की म्हणते. नाव ठेवलं मी, पण कमावलं त्यांनी. नवीन राहायला आले तेव्हा आम्ही दोघांना चहाला बोलावलं होतं. आमच्या हिनं पाहुण्यांसाठी जपलेले निळ्या वेलीचे कप काढले. गृहस्थांनी चहा संपवला, रिकामा कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलला आणि उजव्या हाताच्या नखानं त्याला एक टिचकी मारली.

“याला तडा आहे,” ते म्हणाले.

“कुठे? मला तर दिसत नाही,” आमची ही.

“दिसणार नाही. आवाज बसलाय.”

मग परवानगीबिरवानगी न घेता त्यांनी उरलेल्या कपांनाही एकेक टिचकी मारली आणि “हे ठीक आहेत” असा निकाल दिला. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, फरशीकडे बघत बसल्या. ते गेल्यावर ही मला म्हणाली, “पुन्हा बोलवाल तर स्टीलच्या पेल्यातून चहा देईन.” पुढच्याच आठवड्यात त्या कपाचा कान माझ्या बोटांत राहिला आणि बाकीचा कप चहासकट माझ्या मांडीवर आला. तेव्हापासून ही चिनी मातीचं काहीही घ्यायला निघाली की टिचकीरावांना सोबत नेते. मला नेत नाही.

टिचकी हे त्यांच्या धंद्याचं हत्यार. ते एका कारखान्यात चकत्या भाजतात. चकती म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी, दिसायला एखाद्या फिक्या बटणासारखी, फक्त भोकं नाहीत. भट्टीतून निघाली की तिला टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर नीट भाजली, बद्द वाजली तर आत पोकळ राहिली. दिवसभर हेच केल्यावर माणूस घरी येऊन गप्प कसा बसणार? कुंड्या, फरशा, दुकानातली कलिंगडं, कशाचीही सुटका नाही.

माझा स्वभाव चौकस आहे. भोचक म्हणणारे लोक आहेत, पण ते शब्द नीट वापरत नाहीत. ही चकती नक्की करते काय, हे मी त्यांना जिन्यात अडवून विचारलं.

“दाबली की वीज देते. आणि वीज दिली की हलते,” ते म्हणाले.

“म्हणजे आमच्या साहेबांसारखी. दाबल्याशिवाय काही सुटत नाही.”

ते हसले नाहीत. विनोद कळायला त्यांना एक मजला लागतो. वरच्या मजल्यावर पोचल्यावर हसू ऐकू आलं. मग पुन्हा खाली येऊन त्यांनी मला सगळं समजावलं. गॅसचा लायटर दाबला की आत टक्‌ करून ठिणगी पडते, ती असल्याच चीजेची करामत. गाडी मागे घेताना टूंटूं वाजतं ते असल्याच चकतीतून. दवाखान्यात पोटावरून यंत्र फिरवून आतलं चित्र दाखवतात, त्या यंत्राच्या तोंडाशीही तिचीच भावंडं बसलेली असतात. इतकी वर्षं मी रोज सकाळी लायटर दाबून चहा ठेवतोय, आणि आत कोण बसलंय हे एकदाही विचारलं नाही, याची मला स्वतःचीच लाज वाटली.

“मग अडचण काय?” मी विचारलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर अडचण होती.

“शिसं,” ते म्हणाले.

या चकत्यांत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. शिशाइतकं या कामाला दुसरं काही चांगलं सापडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तेच वापरतात. मोडकी खेळणी, बिघडलेले भोंगे कचऱ्यात जातात, कचरा भिजतो, शिसं जमिनीत उतरतं आणि मग पाण्यात. ते झालं बाहेरचं. आतलं म्हणजे कारखान्याच्या जुन्या विभागात शिशाची भुकटी तोलायची, दळायची, दाबून चकती करायची आणि भाजायची. तोंडाला मास्क असतो, हाताला मोजे असतात, पण भुकटी ती भुकटी. तिला दार दाखवावं लागत नाही.

टिचकीरावांनी उमेदीची सगळी वर्षं त्या जुन्या विभागात काढली. वहिनींचा घरातला कायदा त्यामुळे कडक होता. दार उघडलं की सरळ न्हाणीघर, वाटेत कशालाही हात लावायचा नाही, कपडे वेगळ्या बादलीत. एकदा मी संध्याकाळी जिन्यात हात मिळवायला पुढे झालो तर ते दोन पायऱ्या मागे सरकले. मला वाटलं, आमचं भांडण झालंय आणि मलाच कुणी कळवलं नाही.

मग एका वर्षी कारखान्याच्या तपासणीत त्यांच्या रक्तात शिसं जरा जास्त निघालं. डॉक्टर घाबरण्याइतकं नव्हतं, पण वहिनी घाबरण्याइतकं होतं. त्याच सुमारास कारखान्यानं एक नवीन खोली उघडली होती. तिथे शिशाशिवाय चकती करून बघायची होती. पोटॅशियम, सोडियम आणि नायोबियम नावाचा एक महागडा पाहुणा एकत्र दळायचा आणि भाजायचा. खोलीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. टिचकीरावांपेक्षा लहान, पण या विषयात डॉक्टर झालेल्या. टिचकीरावांनी भट्टीचं काम मागितलं, वहिनींनी मागायला लावलं म्हणा, आणि ते मिळालं.

त्या दिवशी वहिनींनी जिन्यातूनच आनंदानं सांगितलं, “यांनी शिसं सोडलं एकदाचं.” तळमजल्यावरच्या मावशींना जरा कमी ऐकू येतं. त्यांनी ऐकलं, “यांनी शिशी सोडली.” संध्याकाळपर्यंत सबंध इमारतीत झालं की समोरच्यांनी दारू सोडली. जो माणूस लग्नाच्या पंगतीतही सरबत अर्धं ठेवतो, त्याचं लोक खांद्यावर थाप मारून अभिनंदन करायला लागले. मी खुलासा करू शकलो असतो. पण इतका देखणा गैरसमज वर्षातून एखादाच मिळतो. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी तर आपल्या मेहुण्यासाठी सल्ला घेऊन गेले.

“तुम्ही कसं काय सोडलंत हो?”

टिचकीराव शिशाबद्दलच बोलत होते. “आधी रक्त तपासून घ्या,” त्यांनी मनापासून सांगितलं. “मग खोली बदला. खोली बदलल्याशिवाय सुटत नाही. आणि घरी आल्या आल्या आंघोळ.”

मेहुण्यानं खोली बदलली म्हणे. सुटली की नाही ते कळलं नाही.

आता खरी गोष्ट. नवीन खोली कायमची नव्हती. मॅनेजरनं मॅडमना वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाला बिनशिशाच्या चकत्या हव्या होत्या. चकती दाबली की किती वीज देते, त्याचा एक आकडा यंत्रावर येतो. गिऱ्हाइकाला लागतो तेवढा आकडा आला तर खोली राहणार. नाही आला तर खोलीला कुलूप, आणि टिचकीराव परत जुन्या विभागात, शिशाच्या भुकटीत. हे वहिनींनी आमच्या हिला सांगितलं आणि हिनं मला. “बघा,” ही म्हणाली, “त्यांचं सगळं त्या आकड्यावर अडकलंय, आणि तुम्ही मेहुण्याचे किस्से सांगत फिरताय.”

आकडा काही येत नव्हता. शिशाच्या चकतीचा जेवढा येतो, त्याच्या निम्माही नाही. शिवाय या चकत्या नाजूक. शिशाची चकती खिशात घालून वर्षभर फिरा, तिला काही होत नाही. हिला मात्र दमट हवा सोसत नाही. त्यांनी एक फसलेली चकती मला बघायला दिली होती. मी ती खिडकीत ठेवली, रोज सकाळी चहा घेत तिच्याकडे बघायचो. आधी तिच्या कडा मऊ दिसायला लागल्या, मग तिला भेग पडली, आणि काही दिवसांनी तिथे चिमूटभर पांढरी भुकटी उरली. हिनं ती फडक्यानं पुसून टाकली. मी म्हणालो, “अगं, ते विज्ञान होतं.” ती म्हणाली, “खिडकीत होतं ना? मग केर होता.”

टिचकीरावांनी सगळं करून पाहिलं. भुकटी जास्त वेळ दळली, कमी वेळ दळली, भट्टी हळू तापवली, भरभर तापवली. घरी जेवतानाही त्यांचं लक्ष ताटात नसे. वहिनी सांगत होत्या, वाढलेलं सगळं संपवून “आज स्वयंपाक झाला नाही का” असं विचारलं म्हणे.

आणि एका दिवशी आकडा आला. नुसता आला नाही, गिऱ्हाइकाच्या अपेक्षेच्या वर गेला. नवीन खोलीच्या भट्टीतल्या तापणाऱ्या कांड्या तुटल्या होत्या. दुरुस्तीवाला लवकर येईना, म्हणून टिचकीरावांनी एक घाणा जुन्या विभागातल्या भट्टीत भाजून आणला. त्या घाण्यातली एकेक चकती यंत्रात धरली तसतसे मॅडमचे डोळे मोठे होत गेले. मॅनेजर स्वतः खोलीत आला. गिऱ्हाइकाकडे निरोप गेला, नमुने घ्यायला या.

मी दार उघडं टाकून वाट बघत बसलो होतो. अभिनंदन करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर तपशील हवे होते. टिचकीराव जिना चढून आले ते असे, की कुणाला तरी पोचवून आलेत.

“अहो, झालं ना काम?” मी म्हणालो.

“झालं,” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पुढचे बरेच दिवस तसेच गेले. नवीन भट्टी दुरुस्त झाली, तिच्यात घाणे निघाले, आणि आकडा पुन्हा तळाला. मॅडमना वाटलं, दुरुस्तीत काही राहिलं. टिचकीरावांना वेगळंच वाटत होतं, पण ते बोलत नव्हते. मला चैन पडेना. एका संध्याकाळी ते गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले, तेव्हा मीही पाण्याची झारी घेऊन वर गेलो. आमची एकही कुंडी गच्चीवर नाही, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

ते बराच वेळ एकाच चादरीची घडी घालत होते. मग म्हणाले, “दादा, तुमच्या पोटात एक गोष्ट राहील का?”

“नाही,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

“तरी सांगतो. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि वर तुम्हीच आहात.”

मग त्यांनी सांगितलं. चकत्या भाजताना त्या मुशीत ठेवतात, म्हणजे कडक मातीच्या एका खोलगट भांड्यात. त्या दिवशी जुन्या भट्टीपाशी गेल्यावर त्यांनी मूस नवीनच वापरली, पण तिच्यावर झाकण घातलं ते तिथलं, जुनं. हात आपोआप गेला. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांच्या शिशाचा पिवळसर थर बसलेला. भट्टी तापली की तो थर सुटून खाली चकत्यांवर उतरणार, हे त्यांना घरी येताना सुचलं.

“म्हणजे तुमच्या बिनशिशाच्या चकतीत शिसं गेलं?”

“गेलं असेल. म्हणूनच आकडा आला असेल. नाहीतर नव्या भट्टीत का येत नाही?”

“मॅडमना माहीत आहे?”

“झाकण मी घातलं, मीच काढलं. कुणी बघितलं नाही.” त्यांनी चादर उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. “गिऱ्हाइकाची माणसं येतायत. सांगितलं तर खोली गेली. नाही सांगितलं तर मी एक झाकण झाकत बसणार.”

“आणि खोली गेली तर तुम्ही…”

“परत तिकडे,” ते म्हणाले. जुन्या विभागाचं नावही त्यांनी घेतलं नाही.

ही गोष्ट माझ्या पोटात सबंध एक जेवण राहिली. हात धुताना ही म्हणाली, “तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाहीत. काय झालंय?” आणि मी सांगून टाकलं. हिनं शिवणाचा डबा उघडला, सुई संपली आहे असं जाहीर केलं आणि समोर सुई मागायला गेली. आमच्या घरात सुयांचं अख्खं पाकीट आहे.

त्यानंतरचं मला ऐकावंच लागलं, कारण दोन्ही दारं उघडी होती.

“झाकण हातानं उचललंत?” हा वहिनींचा पहिला प्रश्न.

“चिमट्यानं.”

“हातात मोजे होते?”

“होते गं.”

“कुठले? आत्ताचे की तिकडचे?”

“तिकडचे.”

“मग काढून टाकलेत कुठे? पिशवीत घालून घरी तर आणले नाहीत ना?”

मोज्यांवर इतका वेळ चौकशी चालली की झाकणाचा विषय निघतो की नाही अशी मला काळजी लागली. शेवटी वहिनी म्हणाल्या, “आणि त्या चकत्या कुठे जाणार?”

“गिऱ्हाइकाकडे.”

“तिथे त्या कोण हाताळणार?”

“असतील त्यांची माणसं. घासतात, कापतात, तारा जोडतात.”

“बिनशिशाच्या समजून ना? म्हणजे मोजेबिजे न घालता.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल,” वहिनी म्हणाल्या. “मी तुम्हाला शिशातून बाहेर काढलं, ते बिनशिशाचं सांगून शिसं विकायला नाही.”

“असेलच असं नाही.”

“मग तपासायला का घाबरताय?”

“सांगितलं की मला परत तिकडे पाठवतील.”

आतून नळाचा आवाज येत होता, तो बंद झाला. “पाठवलं तर बघू,” वहिनी म्हणाल्या. “आधी सांगा.” आवाज नेहमीचा नव्हता. आमची ही सुई न घेताच परत आली.

दुसऱ्या दिवशी टिचकीरावांनी मॅडमना सांगितलं. काय झालं ते त्यांनी संध्याकाळी जिन्यात उभं राहून मला ऐकवलं. बादलीपर्यंत पोचायच्या आत ऐकवलं, म्हणजे बघा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या. गिऱ्हाईक दारात आल्यावर सांगताय, म्हणाल्या. मग गिऱ्हाइकाला फोन करून नमुने आत्ता देता येत नाहीत असं कळवलं. मॅनेजर काय बोलला ते टिचकीरावांनी मला सांगितलं नाही, पण ते सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. एक चकती बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला गेली. आणि हे सगळं झाल्यावर, जेवायच्या सुट्टीत, मॅडम डबा न उघडताच त्यांच्यापुढे येऊन बसल्या.

“मला एक सांगा. तुम्ही झाकण घातलंतच का?”

“सवय,” टिचकीराव म्हणाले. “तिकडे झाकणाशिवाय भाजतच नाहीत. तापलं की शिसं वाफ होऊन पळतं. म्हणून खाली चकतीचीच भुकटी पसरायची आणि वर झाकण घट्ट बसवायचं.”

“त्या दिवशीही भुकटी पसरली होती?”

“आपलीच. बिनशिशाची.”

“आणि इथे आपण उघडं भाजतो.”

“इथे शिसंच नाही ना. तुम्हीच म्हणाला होतात, झाकणं नकोत, नव्या खोलीत जुनी लफडी नकोत.”

“हो, मीच म्हणाले होते.” मॅडमनी बाजूची उघडी मूस जवळ ओढली. “शिसं पळतं म्हणून झाकण. मग पोटॅशियम काय साखळीनं बांधलेलं आहे? तेही पळतं. सोडियमही पळतं. पुस्तकात वाचलंय मी, परीक्षेत लिहिलंय. आणि इथे शिसं काढलं त्याच्यासोबत झाकणही काढून टाकलं.”

टिचकीराव म्हणतात, दोघंही मग उगाचच त्या उघड्या मुशीकडे बघत बसले. यांना वाटत होतं झाकणावरच्या शिशानं आकडा आणला. आता मॅडमना शंका आली की शिशाचा काही संबंध नाही, नुसत्या झाकणानं आणला. पोटॅशियम घरात राहिलं म्हणून चकती धड भाजली.

“तर मग कोण?” मी विचारलं. “झाकण की झाकणावरचं?”

“ते कळत नाही तोवर मी जेवणार नाही,” ते म्हणाले, आणि आत जाऊन, वहिनींच्या सांगण्याप्रमाणे, भरपूर जेवले.

मीही गुंतलो होतो. आमच्या हिनं तर पक्ष घेतला होता, तिचा झाकणावर विश्वास. माझं म्हणणं, इतकी वर्षं शिसं काम करतंय, ते एका दिवसात कसं हरेल? आम्ही घरात यावर वाद घालत बसायचो. दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे वाद छान रंगायचा.

प्रयोगशाळेचा निकाल आला. चकतीच्या वरच्या पापुद्र्यात शिसं होतं, चांगलंच होतं. पापुद्रा घासून आत बघितलं तर जवळजवळ नव्हतं. टिचकीरावांची भीती खरी ठरली, पण अर्धीच. ते नमुने गिऱ्हाइकाकडे जाण्यात अर्थ नव्हता, ते वेगळ्या पिशवीत बंद करून, वर खूण करून ठेवून दिले. मॅनेजर म्हणाला, वर्षअखेर जवळ आलीय, अजून किती खेळणार?

“एक घाणा,” मॅडम म्हणाल्या.

कोरी झाकणं मागवली. पहिला घाणा मुशीतच अडकला. नव्या झाकणानं तापल्यावर अंग वाकडं केलं, एका बाजूनं फट राहिली, आणि काढताना निम्म्या चकत्या तुटल्या. त्या दिवशी टिचकीराव घरी आले आणि वहिनींनी विचारायच्या आधीच म्हणाले, “काही विचारू नकोस.” वहिनींनी कपाटातून जुन्या विभागातले त्यांचे जाड कपडे काढले आणि उन्हात टाकले. मला ते बाल्कनीतून दिसलं. मी पहिल्यांदाच काही बोललो नाही.

“एक घाणा म्हणाला होतात,” मॅनेजर म्हणाला.

“तो तुटला. मोजायला तरी मिळू दे,” मॅडम म्हणाल्या, आणि तो कुरकुरत कबूल झाला.

दुसऱ्या वेळी त्यांनी जाड झाकण घेतलं, खाली भुकटी पसरली, कडेलाही तीच भुकटी दाबून बसवली. भाजणी संपल्यावर भट्टी हळूहळू निवू दिली. चकत्यांवर चांदीचा लेप दिला, गरम तेलात बुडवून जोराचा विजेचा दाब दिला. याला ते कवायत म्हणतात. चकतीच्या आतले कण आपापल्या दिशेला तोंड करून उभे असतात, त्यांना एका रांगेत आणायचं. मग एकेक चकती यंत्राच्या चिमटीत. पहिला आकडा बघून मॅडम म्हणाल्या, “दुसरी लावा.” दुसरी, तिसरी, सगळी लावली. जुन्या झाकणाच्या घाण्याइतका आकडा नव्हता, थोडा खाली होता. गिऱ्हाइकाच्या अपेक्षेला मात्र पोचत होता, आणि सगळ्या चकत्या तेवढ्याच देत होत्या, एकही रुसलेली नाही. आणि शिसं शोधूनही सापडलं नाही.

“म्हणजे झाकण,” आमची ही म्हणाली.

“थोडं शिसंही असेल की,” मी म्हणालो. “आकडा तेवढाच खाली आला ना?” मी पूर्ण हरलो नाही, हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. कुणी म्हणालं नाही. टिचकीराव म्हणाले, ते मॅडमनाही अजून नक्की माहीत नाही.

गिऱ्हाइकाला पुन्हा निरोप गेला, आणि या वेळी त्यांची माणसं येऊन नमुने घेऊन गेली. मॅनेजरनं खोली पुढच्या वर्षी चालू ठेवली. मोठं काही बोलला नाही, फक्त चकत्या दाबायचा आणखी एक प्रेस लावायला जागा करा म्हणाला. मग जुन्या विभागात भुकटी तोलणारा एक जण जेवणाच्या सुट्टीत टिचकीरावांकडे आला.

“तुमच्याकडे माणूस लागणार आहे म्हणे,” तो म्हणाला. “मला तोलायचं जमतं. वजनात केसाचा फरक करत नाही.”

“आमची भुकटी दमट हवेत पाणी पिते. तोलताना आधी वाळवावी लागते,” टिचकीराव म्हणाले.

“वाळवतो की. अजून काय काय पिते?”

त्यांनी मॅडमना सांगितलं, मॅडमनी मॅनेजरला. पुढच्या महिन्यात तो माणूस नव्या खोलीत आला.

वहिनींनी बाल्कनीतले ते जाड कपडे काढून घेतले. घरात ठेवले नाहीत, पिशवी बांधून टिचकीरावांच्या हातात दिली आणि कारखान्यात परत करायला सांगितलं.

मला वाटलं, आता हे गृहस्थ जरा शांत होतील. परवा सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर समोर ते उभे, डब्याची पिशवी खांद्याला, एक पाय खालच्या पायरीवर.

“दादा, झोपलात का रात्री?”

“झोपलो. का?”

“मला झोप नाही. मुशीच्या कोपऱ्यातल्या चकत्या मधल्या चकत्यांपेक्षा चांगल्या निघतायत. दर घाण्यात. झाकण तेच, भुकटी तीच.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या चकत्या मीच तिथे लावल्या आहेत. “का?”

“कोपऱ्यात गर्दी कमी म्हणून?”

“बघतो,” ते म्हणाले आणि खाली गेले. या वेळी ते हसले नाहीत, वरच्या मजल्यावरही नाही आणि खालच्याही नाही. मी विनोद केला होता. त्यांनी तो तपासायला नेला.